घाटाखालची रीत

माझं जेवण आता एका वाटीत मावतं. आमटीच्या वाटीत नव्हे. ताटात लोणच्यासाठी ठेवतात ना, तिच्याहून जरा मोठी, एवढीच. मी चहाचा चमचा घेऊन बसते, एक चमचा तोंडात टाकते आणि त्याचा पार लगदा होईपर्यंत चावत राहते. वरणसुद्धा चावते. तेवढ्या वेळात आमचे हे पोळ्या, भाजी, भात सगळं उरकून हात धुतात, ढेकर देतात आणि दारातून विचारतात, "अजून जेवूनच राह्यली का तू?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याआधी ताटावरून उठायची संधी त्यांना आत्ताच मिळाली आहे. तिचा ते पुरेपूर फायदा घेतात.

आधीची मी वेगळी होते. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका. गावोगाव फिरून लेकरांची वजनं नीट घेतली जातात का ते बघायचं, आणि बायांना गोळा करून सकस आहारावर बोलायचं, हे माझं काम. मी बोलायला उभी राहिले की मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. एका गावात वजनकाट्याचा भरवसा वाटेना म्हणून मी तो तपासायला घेतला, तर कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, "म्याडम, तुमीच बसून पाहा त्याच्यावर. टिकला तं चांगला हाये म्हना." सगळ्या हसल्या. मीही हसले. खोलीतल्या सगळ्यात जाड माणसाला हसावंच लागतं, नाहीतर लोक म्हणतात, रागीट आहे.

शुगर होती, गुडघे गेले होते, झोपेत माझा श्वास मधेच थांबायचा आणि आमचे हे मला हलवून पुन्हा सुरू करायचे. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जठराचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करायचा, तोच कामाला ठेवायचा, बाकीच्याला कायमची रजा. केलं. आणि गावात सांगितलं, पित्ताचे खडे काढले.

खोटं बोलायचं कारण सरळ होतं. आमच्याकडे मूल व्हावं म्हणून केलेलं ऑपरेशन चालतं, मूल होऊ नये म्हणून केलेलं तर सरकारच करून देतं. पण जेवण कमी व्हावं म्हणून कुणी पोट कापून घेतलं, असं कळलं असतं तर आमच्या वडनेर भोलजीच्या फाट्यावर पुढचा सगळा पावसाळा माझ्यावर निघाला असता. आयुष्यभर जाड म्हणून हसू घेतलं होतं. बारीक होण्याबद्दल पुन्हा हसू घ्यायची माझी तयारी नव्हती. लेकीला आणि यांना मी बजावलं, "मी मेली तरी सांगायचं नाही."

लोकांना सांगितलं नाही म्हणून लोक गप्प बसले असं नाही. जाड होते तेव्हा प्रत्येकजण म्हणायचा, कमी करा. कमी केलं, तर त्याच लोकांनी आवाज खाली आणला. "काही मोठं तं नाही ना?" किराणा दुकानातल्या बाईने माझ्या हातात साबणाच्या वडीबरोबर देवीचा अंगारा ठेवला. यांच्या एका मित्राने यांना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरनं काही मुदत सांगितली का?" केस गळत होते, बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या, दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. तशातच पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी मोहाने अर्धी जिलेबी खाल्ली. सरपंचांचं भाषण चालू असताना छाती धडधडायला लागली, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. सरपंच नंतर म्हणाले, माझं भाषण ऐकून म्याडम भारावून गेल्या. मी नाही म्हटलं नाही.

अशात लेकीचं लग्न जमलं. लग्नात काही अडचण आली नाही, कारण नवरीच्या आईला लग्नात जेवायला मिळतच नाही आणि ती जेवली का, हे कुणी विचारतही नाही. खरी अडचण आली ती लग्नानंतर, लेकीच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा.

लेक दिली दुसरबीडला. व्याह्यांचं तिथे रस्त्यावर खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि मागे घर. माणसं चांगली, अगदी अंगावर येतील इतकी चांगली. आता आमच्या जिल्ह्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याचे दोन तुकडे आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. वडनेर खाली, दुसरबीड वर. खालच्यांना वाटतं, वरचे थंड हवेनं जरा सुस्तावलेले आहेत. वरच्यांना वाटतं, खालच्यांचं डोकं उन्हानं कायम तापलेलं असतं. आणि एकमेकांच्या रीतीभातींबद्दल काहीही कानावर आलं तरी दोन्हीकडचे ते खरं मानतात.

त्या दिवशी विहीणबाईंनी चुलीवरच्या बट्ट्या केल्या होत्या, वरण, वांग्याची भाजी, वर शिरा. बट्टी फोडून तिच्यावर तूप ओतलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. त्या ताटात माझ्या पंधरवड्याचं जेवण होतं. मी म्हटलं, "मले नको." विहीणबाईंचा हात तुपाच्या भांड्यासकट तिथेच थांबला. विहीण पहिल्यांदा घरी आली आणि जेवली नाही, म्हणजे काय झालं हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती, तिचा चेहरा उतरला.

"काहून इहीनबाई? आमच्या हातून काही चुकलं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी तोंडातला घास न गिळताच सांगून टाकलं, "त्याचं असं हाये, आमच्यात लेकीच्या घरी जेवत नाहीत. नातू होईस्तोवर."

व्याह्यांनी यांच्या हातातल्या बट्टीकडे पाहिलं. "मग तुमी?"

यांनीही स्वतःच्या हातातल्या बट्टीकडे पाहिलं. "मानसायले चालते," हे म्हणाले. "बायायचंच हाये ते." आणि ती बट्टी वरणात बुडवली.

मला वाटलं, आता हे लोक हसतील. ते भारावले. व्याही म्हणाले, "आमच्या आजीच्या काळी आपल्याकडंबी होतं आसं. आमी सोडलं. घाटाखालच्यांनी धरून ठेवलं बगा." विहीणबाई उठल्या आणि त्यांनी चक्क मला नमस्कार केला. आमच्या घरात असली रीत माझ्या सासूच्या सासूनेही पाळलेली नाही. लेकीच्या घरून निघताना आमच्याकडच्या बायांना हात देऊन उठवावं लागतं, एवढं जेवतात. शिवाय लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, तिला परकं समजावं, हे सगळं कसं चुकीचं आहे यावर माझं एक खास भाषण आहे. ते मी अंगणवाडीच्या मेळाव्यात बांगड्या वाजवत करते. पण त्या क्षणी खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. ताट समोरून गेलं, मान मिळाला, आणि पोटाबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी मान खाली घालून रीतीची बाई होऊन बसले.

पुढे हे फार सोयीचं झालं. दुसरबीडला जायचं तर मी घरूनच डब्यात चार चमचे मुगाची खिचडी न्यायची, घाट चढल्यावर गाडी थांबवून खायची, आणि तोंड पुसून उपाशी चेहऱ्याने विहिणीच्या दारात उतरायचं. तिकडे माझी कीर्ती वाढत होती. मी आले की शेजारच्या बाया मला बघायला यायच्या. "पानी तरी पेतात का?" असं माझ्यासमोरच विहीणबाईंना विचारायच्या. विहीणबाई अभिमानाने सांगायच्या, "घोटघोट. नुस्तं घसा ओला करण्यापुरतं." तेही खरंच होतं, कारण त्याहून जास्त मला एका वेळी पिता येत नाही. माझं दुखणं त्या गावात व्रत म्हणून खपत होतं.

रीत अशी असते की एकदा दिसली की लोकांना तिचा उपयोग सुचतो. पलीकडच्या घरातल्या सासूने जवळच्या बीबी गावाहून लेकीला भेटायला आलेल्या विहिणीला ऐन जेवणाच्या वेळी ऐकवलं, "घाटाखालच्या इहिणी कशा, नातू होईस्तोवर घास घेत नाहीत." ती बाई बिचारी ताटावर बसली होती. उठली आणि उपाशी बीबीला परत गेली. हे मला विहीणबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. मला त्या रात्री खिचडीचा चमचाही जाईना. अर्थात तो तसाही मोठ्या मुश्किलीने जातो.

पण मी लबाडीने सुटले होते ते दुसऱ्याच्या जिवावर, हे मला कळलं लेकीच्या फोनवरून. लेक बी.एड. करत होती, देऊळगाव राजाच्या कॉलेजात. ती आणि जावई, दोघांनी ठरवलं होतं, शिक्षण पुरं झाल्याशिवाय मूल नको. जावई तिच्या बाजूचा आहे, पण आईसमोर त्याची बाजू त्याच्या तोंडातून बाहेर पडत नाही.

"आई," लेक म्हणाली, "तुही रीत माह्या गळ्याशी आली आता. सासूबाईनं चाय सोडला."

"चाय? काऊन?"

"नवस केला त्यायनं. तुह्या पोटात त्यायच्या घरचा घास जाईस्तोवर चाय प्यायचा नाही. अन् तो घास जाईन कधी? मले पोरगं झाल्यावर. चाय नाही म्हणून डोकं दुखते, अन् डोकं दुखलं का समोर मी दिसते. नातवासाठी वाटी-चमचा आणून ठेवला बारका, तिकडं शोकेसमधे. रोज सकाळी पुसतात. काल म्हणे, दुसऱ्या वर्षाले नाव टाकू नको, कॉलेज काय पळून जाऊन राह्यलं का."

मी म्हटलं, "मंग सांगून टाक ना त्यायले खरं."

"मी सांगू? तूच म्हनली होती, मेली तरी सांगायचं नाही." मग म्हणाली, "आई, मले शिकायचं हाये व."

मला रडू आलं नाही, राग आला. आधी यांचा, त्या एका बट्टीसाठी केवढं बोलून बसले म्हणून. मग विहिणीचा, चहा सोडण्यापेक्षा हट्ट सोडला असता तर काय बिघडलं असतं म्हणून. आणि मग माझ्या स्वतःचा, कारण माझ्या पोटाची लाज वाचवायला मी लेकीचं पोट पुढे केलं होतं. आणि ही मीच गावोगाव जाऊन सांगते, पोरींना शिकू द्या, घाई करू नका. त्या मागच्या रांगेतल्या बाया पदराआडून हसायच्या ते काही उगाच नव्हतं.

एवढं कळूनही मी खरं सांगायला निघाले असं समजू नका. आमच्या ह्यांनी तोडगा काढला. "एकडाव जेवून टाक ना त्यायच्या घरी. दोन घास तं खायचे हायेत. ऑपरेशनचं सांगायची गरजच काय?" मला तो पटला. लेक सुटेल, विहिणीला चहा मिळेल, आणि माझंही झाकलेलं झाकलेलंच राहील. सगळं फुकटात मिळवायची सवय माणसाला पोट कापलं तरी जात नाही.

रविवारी आम्ही दुसरबीडला गेलो. ओट्यावर पाय ठेवताच मी जाहीर केलं, "इहीनबाई, म्या ती रीत सोडली. काळ बदलला. आज तुमच्या घरी जेवते मी."

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांचा चेहरा एकदम घाबरा झाला. "पन आशी मधीच मोडली तर पोरीला काही बाधनार तर नाही?"

आमचे हे आता त्या रीतीचे जाणकार झाले होते. "नाही, नाही," ते गंभीरपणे म्हणाले, "आमच्यात तशी सोय हाये. अमावस्या सोडून कधीबी मोडता येते." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

ताट आलं. माझा बेत पक्का होता. थोडंसं वरण, त्यात बट्टीचा चुरा, चमचा चमचा, सावकाश. पण व्रत मोडणाऱ्या विहिणीला सावकाश जेवू देतील ते लोक घाटावरचे कसले? अख्खं घर माझ्याभोवती उभं राहिलं. विहीणबाई, त्यांची जाऊ, एक मावशी, शिवाय भिंतीपलीकडून आलेल्या दोघी. मी दोन चमचे वरण घेतलं असेल-नसेल, विहीणबाईंनी तूप-गुळाचा चुरमा मुठीत घेतला आणि म्हणाल्या, "पहिला गोड घास माझ्या हातचा." तोंडासमोर धरलेला घास नाकारायचा कसा? घेतला. "आता माझ्या हातचा," जाऊ म्हणाली. मी "नको" म्हटलं. आग्रहाच्या भाषेत नको म्हणजे वाढा. मी "बस" म्हटलं. बस म्हणजे अजून दोन. मावशीचा घास माझ्या ओठांवर टेकला तेव्हा छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखं दुखायला लागलं होतं, तोंडात लाळ दाटून येत होती आणि कानांत हृदय वाजत होतं. मी उठले आणि न्हाणीकडे धावले.

लेक माझ्यामागे धावली. तिने आतून कडी लावली आणि माझी पाठ धरून उभी राहिली. मी जे ओकले ते ओकले, त्याचा आवाज मात्र थेट दुकानापर्यंत गेला असावा. बराच वेळ आम्ही दोघी आत होतो. मी तोंड धुतलं, बाहेर आले, तर अंगणात लग्नघरासारखी गडबड.

झालं होतं असं की घरच्यांना वाटलं, मी चूळ भरायला उठले आणि मळमळलं म्हणून धावली ती लेक; भिंतीपलीकडून बघणाऱ्या बायांनी तर दोघी आत गेल्या आणि उलट्यांचा आवाज आला, एवढंच पाहिलं-ऐकलं होतं. बाकीचं त्यांना सांगायची गरज पडली नाही. घरात सून, आणि उलट्या. वर तिच्या आईने आत्ताच व्रत मोडून घास घेतलेला. विहीणबाई देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या, "घास पोटात गेला अन् देव पावला!" व्याही दुकानातून फोनवर कोणाला तरी म्हणत होते, "हाव, हाव, आत्ताच." मावशीने लेकीच्या तोंडात साखर कोंबली. लेक तोंडातल्या साखरेसकट सांगत होती, "मी नाही वो, मी नाही," आणि बाया एकमेकींना म्हणत होत्या, लाजती बाई. जावई दारात उभा राहून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, विनवणीही नव्हती. आता मी काय करते, एवढंच ती बघत होती.

मी ओट्यावर चढले. मेळाव्यात माइक बंद पडला की जो आवाज काढते, तो काढला. "उलटी मी केली!"

मग मागून मावशी म्हणाली, "या वयात?"

"पोट कापेल हाये माह्यं!" मी ओरडले. "बारीक व्हायचं म्हणून कापून घेतलं म्या. अंड्याएवढं ठेवलं डॉक्टरनं. वरण चमच्यानं खाते मी, अन् जादा गेलं का असं बाहेर येते. रीत-बीत काही नाही. घाटाखालच्या बाया लेकीच्या घरी पोट फुटेस्तोवर जेवतात. ह्यायनं बट्टी खाता खाता थाप मारली, अन् मी गप बसली. सोयीची होती म्हणून गप बसली."

रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून थांबला होता. त्यालाही मी ऐकवलं असावं. दुकानात खत घ्यायला आलेली माणसं बाहेर आली होती. जे वडनेरच्या फाट्यापासून लपवलं, ते मी दुसरबीडच्या भर रस्त्याला सांगत होते, आणि थांबवत नव्हतं. "अन् अजून एक आयका, इहीनबाई. माह्या पोटाचा अन् पोरीच्या पोटाचा काही संबंध नाही. तिले शिकू द्या. कधी काय करायचं ते त्यायचं ते दोघं पाहतीन."

आमच्या ह्यांनी तेवढ्यात स्वतःचं ताट उचलून आत नेलं. बहुधा अर्धं राहिलं होतं.

पुरावा द्यावाच लागला. बायांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि मी पोटावरचे बारीक डाग दाखवले. विहीणबाईंनी एकेका डागावर बोट ठेवलं. "येवढ्याशा भोकातून?" मावशी म्हणाली, "आन् कापलेलं कुठं टाकलं?" मी म्हटलं, ते आतच आहे, नुसतं बसून आहे. मावशीला घरी नुसते बसून खाणारे स्वतःचे व्याही आठवले असावेत, ती समजल्यासारखी मान हलवत राहिली.

विहीणबाई मात्र पलंगाच्या कडेला बसल्या. मला वाटलं, आता माझी नाही, लेकीची खरडपट्टी काढतील. एवढा अपमान, भर गावात. लेक दाराला टेकून उभी होती. विहीणबाई बोलल्या, पण माझ्याशी नाही, आपल्याशीच.

"म्हंजे मी चहा फुकटच सोडला."

उठून त्या स्वयंपाकघरात गेल्या. पातेलं आदळल्याचा आवाज आला, मग आलं ठेचल्याचा. आणलेल्या पहिल्या कपातला चहा त्यांनी उभ्याउभ्याच प्यायला, डोळे मिटून, आणि रिकामा कप खाली ठेवून म्हणाल्या, "खोटारडी माणसं." मग मला बशीत थोडासा ओतून दिला. मी तो फुंकर मारत दोनदाच ओठ लावून प्यायले. त्या बघत होत्या. "येवढाच?" त्या म्हणाल्या. कॉलेजचं नाव त्या दिवशी निघालं नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही. घाट उतरताना मी पोटावर हात ठेवून बसले होते आणि मला एकच भीती होती, मी लेकीचं आणखी बिघडवून आले की काय.

दुसरबीडात मग हसू झालंच. व्रतवाली विहीण गेली, चमचेवाली आली. ते हसू घाट उतरून माझ्या आधी वडनेरला पोचलं आणि फाट्यावर माझी वाट बघत उभं राहिलं. मी ज्याला इतकी भ्यायले होते ते हे. वाईट होतं, पण आठवडाभर पुरलं नाही, कारण तोवर कुणाची तरी सून माहेरी निघून आली. मेळाव्यात मागच्या रांगेतल्या बाया आता पदर लावत नाहीत, मेळावा संपला की एकेक जवळ येते आणि इकडे-तिकडे बघून विचारते, "म्याडम, लय दुखते का वो ते?" बीबीच्या त्या बाईला मी निरोप धाडला, की माझी रीत खोटी होती, तुम्ही लेकीच्या घरी खुशाल जेवा. तिच्या लेकीच्या सासूने सांगितलं म्हणे, तुमची खोटी असेल, आमची आता पडली. तिथे ती अजून चालू आहे. एक ताट वाचतं.

दिवाळीनंतर पुन्हा दुसरबीडला गेले. खिचडीचा डबा घेऊन निघाले होते, तो घाटात उघडलाच नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा सगळ्यांना ताटं आली, माझ्यापुढे पाट मांडला, पण ताट नाही. विहीणबाई बैठकीतल्या शोकेसकडे गेल्या, काच सरकवली आणि ती बारकी वाटी आणि चमचा काढून आणला. धुतला, पुसला, वाटीत वरण घातलं, वर तुपाचा एक थेंब, मोजून टाकल्यासारखा, आणि माझ्यासमोर ठेवला.

"नातू येईल तवा येईल," त्या म्हणाल्या. "तवर हिला गंज चढण्यापरीस तुमीच खा हिच्यात."

स्टीलला गंज कसला चढतो? वाटीवर भांड्याच्या दुकानातून नाव घालून आणलं होतं. नाव म्हणजे फक्त 'चि.', पुढची जागा कोरी. मुलगी झाली असती तर काय केलं असतं कोण जाणे. मी त्या वाटीतून पहिला चमचा घेतला आणि चावायला लागले. विहीणबाई, व्याही, जावई, मावशी, सगळे घास हातात धरून माझ्याकडे बघत होते. "मोजून बगा बरं, किती वेळ चावतात," मावशी म्हणाली. आमच्या ह्यांनी तेवढ्यात दुसरी बट्टी घेतली.

लेक माझ्या मागे पलंगावर बसून उद्याचं पाठटाचण लिहीत होती. दुसऱ्या वर्षाला नाव तिच्या सासऱ्यांनीच टाकलं होतं. इतक्या माणसांत तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.